मुलगा वाइड रिसीव्हर आहे, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळू द्यावं का?

ताई, नमस्कार. पत्र नीट वाचलं, आणि इतकं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर बरेच पालक फक्त "स्कोप आहे का" एवढंच विचारतात.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ही आई मूळची सांगलीची, आता ह्यूस्टनजवळ केटीला. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची फाइल लाइनीत. मुलगा पुण्यात जन्मलेला, म्हणून तो एच-फोरवर, म्हणजे वडिलांच्या व्हिसावर अवलंबून. नुकताच सतरा पूर्ण, अकरावीत आहे, शाळेच्या वार्सिटी, म्हणजे मुख्य टीममध्ये वाइड रिसीव्हर (लांब पळत जाऊन बॉल पकडणारा) खेळतो, उंची पाच फूट दहा, वजन १६५ पाउंड, जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ३.७. त्याला कॉलेजात फुटबॉल खेळायचाय आणि तो म्हणतो स्कॉलरशिप मिळेल. बाबा म्हणतात शाळेत खेळलास तेवढं पुरे, आता कंप्युटर सायन्स. बापलेकांचं बोलणं बंद आहे. तीन कॉलेजांकडून कॅम्पची पत्रं आलीत आणि आईला वाटतंय की सिलेक्शन जवळजवळ झालंच. प्रश्न असा की यात करिअर आहे का आणि हो म्हणावं का.

माझं मत आधी सांगते. हो म्हणा. पण कॉलेज असं निवडा की पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि फुटबॉल कायमचा बंद झाला, तरी त्याच कॉलेजात चार वर्षं राहणं त्याला आवडेल आणि तुम्हाला परवडेल. या एका कसोटीवर निम्मी कॉलेजं आपोआप गळतात आणि उरतात त्यांच्याबद्दल बापलेक बसून बोलू शकतात.

आता व्हिसा, कारण तुमच्या पत्रात तो एका ओळीत येऊन गेलाय आणि खरं तर तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. एच-फोरवरचं मूल शिकू शकतं, टीममध्ये खेळू शकतं, स्कॉलरशिपही घेऊ शकतं, कारण स्कॉलरशिप म्हणजे पगार नाही. पण त्याला काम करून पैसे मिळवता येत नाहीत. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून पैसे घ्यायची परवानगी मिळाली, त्याला सगळे एनआयएल म्हणतात, आणि तुमचा मुलगा इन्स्टावर ज्या पोरांच्या गाड्या बघतो त्या तिथून येतात. पुढे जून २०२५ मध्ये हाउस नावाच्या खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली, तेव्हापासून मोठी कॉलेजं थेट खेळाडूंनाच कमाईतला वाटा देऊ लागलीत, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा होती. हे सगळं ऐकायला छान आहे पण एच-फोरवरच्या किंवा एफ-वन या स्टुडंट व्हिसावरच्या मुलाने हे पैसे घेतले तर त्याच्या स्टेटसलाच धोका होऊ शकतो. केंटकीचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे स्टुडंट व्हिसावर होता, तर २०२२ मध्ये टीम बहामाला गेली तेव्हा त्याने आपली जाहिरातींची कामं तिथे, अमेरिकेच्या बाहेर जाऊन उरकली. इतका तो प्रश्न नाजूक आहे. म्हणून कोणी लोकल दुकानदार "दोनशे डॉलर देतो, आमच्या टी-शर्टमध्ये फोटो टाक" म्हणाला तरी मुलाने वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे आजच त्याला बसवून सांगा.

दुसरं म्हणजे वयाची एकवीस वर्षं. एकवीस पूर्ण झाले की एच-फोर संपतं, आणि तुमच्या मुलाला एकवीस पूर्ण होतील ते कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात, म्हणजे अगदी त्याच सुमाराला त्याला टीममध्ये खऱ्या अर्थाने खेळायला मिळायला लागेल. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही आणि वय गोठवायच्या कायद्यातही तो बसला नाही तर त्याला एफ-वनवर जावं लागेल, आणि तेव्हा फीचं गणित बदलू शकतं. फेडरल मदत त्याला आत्ताही मिळणार नाही. तेव्हा तुमच्या प्रायॉरिटी डेटसकट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतल्या तारखेसकट, इमिग्रेशन वकिलाची एक अपॉइंटमेंट घ्या आणि विचारा की कॉलेजची चारही वर्षं, वर्षागणिक, याचं स्टेटस काय असेल. कॉलेजचा कोच कितीही चांगला माणूस असला तरी त्याला एच-फोर म्हणजे काय हे बहुतेक वेळा माहीत नसतं, त्याच्या शब्दावर जाऊ नका.

आता खेळाकडे येते, कारण तुम्ही लिहिलंय, "तो नुसता पळतो आणि बॉल पकडतो, यात शिकण्यासारखं काय आहे?" ताई, इथे मी तुमच्याशी जरा भांडणार आहे. रिसीव्हर नुसता पळत नाही. त्याला रूट्स, म्हणजे पळायचे ठरलेले मार्ग, पाठ असतात, स्लँट, आउट, कर्ल, पोस्ट, कॉर्नर, गो वगैरे, आणि प्रत्येक रूट किती यार्डांवर मोडायचा, कुठल्या पायावर मोडायचा हे ठरलेलं असतं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, बॉल सोडतो तेव्हा कित्येकदा रिसीव्हरची पाठ त्याच्याकडे असते, तो वळून बघतो तोवर बॉल हवेत असतो, म्हणजे दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवून आधीच ठरलेल्या जागी पोचायचं असतं, आणि समोरच्या टीमचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा, तर तुमच्या छातीवर हात मारून पहिलं पाऊलच चुकवायला बसलेला असतो. त्यात काही रूट्स असे असतात की बॉल खेळात आल्यावर मागे बचावाला उभे असलेले सेफ्टी कुठे सरकतायत ते धावता धावता बघायचं आणि आत वळायचं का बाहेर, का तिथेच थांबायचं हे सेकंद-दीड सेकंदात ठरवायचं, आणि क्वार्टरबॅकनेही तेच वाचलेलं असलं पाहिजे, नाहीतर बॉल सरळ दुसऱ्या टीमच्या हातात. तुमच्या मुलाच्या उंचीचे रिसीव्हर बहुतेक स्लॉटमध्ये, म्हणजे लाइनच्या जरा आतल्या बाजूला खेळतात आणि तिथे हे वाचन सगळ्यात जास्त लागतं. बॉल आपल्याकडे येणार नाहीये हे माहीत असतानाही दुसऱ्यासाठी ब्लॉक करायचा, म्हणजे समोरच्याला अडवायचं, हाही कामाचाच भाग आणि कोच लोक मॅचच्या फिल्ममध्ये तो आवर्जून बघतात. तर एकदा त्याच्याशेजारी बसा आणि त्याच्याच मॅचचं रेकॉर्डिंग लावून विचारा, "इथे तू आत का वळलास?" तो काय सांगतो ते ऐका. बाबांनाही बसवा. मुलगा अभ्यास टाळून पळतोय असं वाटणाऱ्या बाबांना हे दिसणं फार गरजेचं आहे असं मला मनापासून वाटतं.

पण आकडेही बघितलेच पाहिजेत. अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संघटना, तिच्या तिन्ही डिव्हिजन (वन सगळ्यात वरची, थ्री सगळ्यात खालची) मिळून कॉलेजात खेळणारे सत्तर-पंचाहत्तर हजार, म्हणजे शंभरातले जेमतेम सात. आणि कॉलेजातून ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलच्या वार्षिक निवडीला, पात्र होणाऱ्यांपैकी एनएफएलच्या टीमने निवडलेले शंभरात दोनही नाहीत, सगळ्या जागा मिळून अडीचशेच्या थोड्या वर असतात आणि त्यात सगळ्या पोझिशन आल्या. वाइड रिसीव्हर ही तर गर्दीची पोझिशन, कारण ज्याला वेग आहे त्या प्रत्येकाला तीच हवी असते. २०२४ च्या कंबाइनला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीला, टेक्सासच्याच झेवियर वर्दीने ४० यार्ड ४.२१ सेकंदात काढले, तो तिथला रेकॉर्ड आहे. तुमचा मुलगा ४.६ म्हणतोय, तेही हातातल्या स्टॉपवॉचवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक घड्याळावर बहुतेक आणखी थोडं जास्तच भरेल. हे त्याला नाउमेद करायला सांगत नाहीये, पण कुठल्या पातळीवर अर्ज करायचा हे ठरवायला हा आकडा लागतो.

कॅम्पच्या पत्रांबद्दल. ताई, ती ऑफर नाही. फी भरून यायचं असतं त्या कॅम्पला, आणि अशी पत्रं शेकडो मुलांना जातात. मुलगी बघायला बोलावलं म्हणजे लग्न ठरलं असं होत नाही, तसंच हे. तरी एखाद्या कॅम्पला जरूर जाऊ द्या, पण आधी त्याने त्या कॉलेजच्या रिसीव्हर कोचला ईमेल करावी, फिल्मची लिंक, उंची-वजन, जीपीए आणि ट्रॅकचं टायमिंग टाकून, आणि कोचने नाव घेऊन, फिल्ममधल्या एखाद्या प्लेबद्दल काही लिहून उत्तर दिलं तरच पैसे खर्च करा. स्प्रिंगमध्ये त्याने शाळेच्या ट्रॅक टीममधून १०० आणि २०० मीटर धावावं, मीटला घड्याळ अधिकृत असतं म्हणून कोच त्यावर विश्वास ठेवतात. आणि "आम्ही तुमच्या मुलाला डिव्हिजन वनला पोचवतो" म्हणून हजारो डॉलरचं पॅकेज विकणारे फोन येतील, त्यांना नम्रपणे नको म्हणा. हडल या व्हिडिओ साइटवरची चांगली चार मिनिटांची फिल्म आणि मुलाने स्वतः लिहिलेली ईमेल, यात जे होतं त्यापेक्षा जास्त ते लोक करत नाहीत.

गेल्या काही वर्षांत शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी वरची दारं अरुंद झालीत हेही समजून घ्या. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, २०१८ ला सुरू झालं, आता कोचला रिसीव्हर कमी पडला की तो दुसऱ्या कॉलेजातला एकवीस-बावीस वर्षांचा तयार खेळाडू घेऊन येतो, सतरा वर्षांच्या मुलाला वाढवत बसायला त्याच्याकडे वेळ नाही, त्याचीही नोकरी दोन सीझनच्या निकालावर असते. शिवाय हाउस तडजोडीनंतर ती स्वीकारलेल्या कॉलेजांच्या फुटबॉल टीमला १०५ जणांची मर्यादा आली, पूर्वी स्कॉलरशिप नसलेले वॉक-ऑन धरून टीम याहून मोठ्या असायच्या. हंटर रेनफ्रो असाच क्लेमसनला वॉक-ऑन म्हणून गेला होता, तुमच्या मुलाएवढाच उंच, आणि जानेवारी २०१७ मध्ये अलाबामाविरुद्धच्या नॅशनल चॅम्पियनशिपला एक सेकंद उरला असताना विजयी टचडाउन त्याने पकडला, पुढे एनएफएललाही गेला. तुमचा मुलगा त्याचंच उदाहरण देतोय. उदाहरण खरं आहे, पण तो ज्या दारातून शिरला ते दार आता आणखी लहान झालंय.

मग जायचं कुठे? इथे मला तुमच्या घरासाठी खरंच चांगलं काही दिसतंय. ३.७ जीपीए आणि बरा रिसीव्हर, ही जोडी डिव्हिजन थ्रीच्या अभ्यासू कॉलेजांना हवी असते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, हे आधीच सांगते म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. पण एमआयटी, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, केस वेस्टर्न, या सगळ्यांच्या फुटबॉल टीम आहेत, आणि टेक्सासातच बघायचं तर सॅन अँटोनियोचं ट्रिनिटी आणि जॉर्जटाउनचं साउथवेस्टर्न. बाबांना ही नावं वाचून दाखवा. कंप्युटर सायन्स का फुटबॉल हा प्रश्न तिथे उरतच नाही, दोन्ही होतं. अ‍ॅडमिशनची हमी नाही, एमआयटीला तर कोचचा शब्द फार चालत नाही, पण बऱ्याच ठिकाणी कोच अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून आधीच अंदाज घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात, तो मागायला लाजू नका.

आयव्ही लीगही खेळाची स्कॉलरशिप देत नाही, फक्त घरची परिस्थिती बघून मदत देते, आणि तुमच्यासारख्या घरासाठी ती मदत कधीकधी स्कॉलरशिपहून मोठी निघते, कारण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ ही कॉलेजं परदेशी पासपोर्टवाल्या मुलालाही पैशाची गरज न बघता निवडतात आणि मग पूर्ण गरज भागवतात. फुटबॉलही तिथे कमी प्रतीचा नाही. प्रिन्स्टनचा आंद्रेई योसिवास २०२३ ला एनएफएलच्या बेंगाल्सनी घेतला आणि पेनचा जस्टिन वॉटसन २०१८ ला ड्राफ्ट होऊन दोन टीमकडून मिळून तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, जिंकला, दोघंही वाइड रिसीव्हरच. अर्थात तिथे जायला ३.७ काठावरचा आहे, कुठले विषय घेतलेत त्यावर ठरेल.

डिव्हिजन टूमध्ये थोडी थोडी स्कॉलरशिप मिळते, पूर्ण क्वचित. मिनेसोटा स्टेट मँकेटोचा अ‍ॅडम थीलन फक्त ५०० डॉलरच्या स्कॉलरशिपवर गेला, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, ट्रायआउट देऊन एनएफएलच्या वायकिंग्जमध्ये शिरला आणि दोनदा प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये, निवडला गेला. कूपर कप ईस्टर्न वॉशिंग्टनचा, ते डिव्हिजन वनमध्येच पण खालच्या गटात (एफसीएस), मोठ्या कॉलेजांनी बघितलंही नव्हतं, आणि फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू तो. म्हणजे खरंच एनएफएलच्या दर्जाचा निघाला तर खालच्या पातळीवरूनही स्काउट शोधून काढतात. त्यामुळे "लहान कॉलेजात गेलो तर संपलं" हे मुलाचं म्हणणं मला पटत नाही. मोठ्या टीममध्ये तीन वर्षं बाकावर बसण्यापेक्षा लहान टीममध्ये दर शनिवारी खेळलेलं कधीही चांगलं, त्याच्या मनासाठीसुद्धा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा दोन-तीन गोष्टी आवर्जून विचारा. प्रॅक्टिस सकाळी का दुपारी, कारण इंजिनीअरिंगच्या लॅब दुपारी असतात आणि मुलं त्यापायी मेजर बदलतात. टीममधले कितीजण कंप्युटर सायन्स करतायत, त्यातल्या एकाशी कोच नसताना बोलायला मिळेल का. डिव्हिजन वन आणि टूमध्ये नियमाने सीझनमध्ये आठवड्याला वीस तास, पण त्यात प्रवास, फिजिओ वगैरे धरत नाहीत, तर खरे किती होतात ते त्या मुलाकडूनच कळेल. कोच सोडून गेला तर काय, हाही प्रश्न विचारा, कारण रिसीव्हरचं नशीब कोच आणि क्वार्टरबॅक यांच्या हातात फार असतं, नवा कोच आला की सगळी पद्धत बदलते.

दुखापतीची तुमची भीती योग्य आहे आणि मी ती कमी करून सांगणार नाही. मधल्या भागात बॉल पकडताना रिसीव्हरला जोरात मार बसतो. बोस्टन युनिव्हर्सिटीने २०२३ मध्ये जाहीर केलं की त्यांनी तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, सापडला. हे मेंदू बहुतेक त्रास असलेल्यांच्या घरच्यांनी दान केलेले, त्यामुळे सगळ्यांनाच तो होतो असा अर्थ नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखा आकडाही नाही. मुलाशी एक करार करा, डोक्याला मार बसून चक्कर, अंधारी, मळमळ काहीही झालं तर ट्रेनरपासून लपवायचं नाही, आणि डॉक्टर थांब म्हणाले तर थांबायचं, त्या दिवशी चर्चा नाही. हे त्याने आजच, शांत असताना कबूल केलं पाहिजे. डिव्हिजन वनच्या कॉलेजांना ऑगस्ट २०२४ पासून खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज संपल्यावरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो, इतर ठिकाणी काय आहे ते लेखी मागा.

आणि "यात करिअर आहे का" तर खेळणारा म्हणून बहुतेक नाही, पण खेळाच्या आसपास नक्की आहे. संजय लाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ कॉलेजात यूसीएलए आणि वॉशिंग्टनकडून वाइड रिसीव्हर होते, नंतर एनएफएलमध्ये रेडर्स, जेट्स, बिल्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा टीमचे रिसीव्हर कोच झाले. तुमचा मुलगा कोडिंग शिकला तर हल्ली प्रत्येक टीमला प्लेअर ट्रॅकिंगचा डेटा वाचणारी माणसं लागतात, आणि स्वतः रूट पळलेला डेटावाला कमीच सापडतो. हे मला त्याच्यासाठी सगळ्यात जुळणारं वाटतं, पण तो आवडीने करेल तरच. आणि खेळायची हौस राहिलीच तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतोय, त्यात टॅकल नाही, वेग आणि रूट यांचाच खेळ.

बाबांना माझं एक सांगा. पहिल्या हाइझमन ट्रॉफीचा (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळते ती) मानकरी जे बरवँगर, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचा, १९३६ ला एनएफएलच्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला आणि तो एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही, धंद्यात गेला आणि चांगलं नाव कमावलं. पण कॉलेजात मात्र तो मनापासून खेळला होता. तुमचा मुलगाही बावीसाव्या वर्षी स्वतःहून थांबू शकतो. सतराव्या वर्षी बापाने थांबवलं तर ते तो विसरणार नाही.

आता या महिन्यात करायचं ते असं. वकिलाची वेळ घ्या. मुलाचं नाव एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरला नोंदवा, आणि शाळेच्या काउन्सेलरकडून तपासून घ्या की १६ कोअर विषयांपैकी किमान दहा बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण होतायत, डिव्हिजन वनचा दरवाजा उघडा ठेवायचा तर ते लागतं, आणि एकदा ती वेळ गेली की परत मिळत नाही. त्याला त्याच्या शाळेच्या हेड कोचकडे एकट्याला पाठवा आणि एकच विचारायला सांगा, "मी कुठल्या पातळीवर खेळू शकतो, खरं सांगा." टेक्सासच्या कोचेसनी खूप मुलं बघितलेली असतात, ते बहुतेक बरोबर सांगतात. मग पंधरा-वीस कॉलेजांची यादी त्याने स्वतः करावी, त्यातली निम्मी बाबांच्या पसंतीची.

ती यादी, ट्रान्सक्रिप्ट आणि वकील काय म्हणाले ते मला पाठवा. अकरावीला मॅथ कुठलं घेतलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेही कळवा, कारण प्री-कॅल्क्युलस असेल तर बारावीला कॅल्क्युलस बीसी हा वरच्या पातळीचा कोर्स घ्यायचा का हे आत्ताच ठरवावं लागेल आणि वर लिहिलेल्या कॉलेजांपैकी किती खरोखर आवाक्यात आहेत ते त्यावरच कळेल.